सड्यावरचे गवत मोजले कोणी?

गुरांच्या चराईने सडे उजाड होतात, असा ठपका गवळी-धनगरांवर ठेवणे सोपे आहे. परंतु सड्यावर गवत उगवते किती आणि त्यातले गुरे खातात किती, हे कोणी मोजले आहे काय, असा आमचा सवाल आहे.

मोजणीची रीत अवघड नाही. मीटरभर लांब-रुंद चौकट जमिनीवर ठेवायची, आतील गवत विळ्याने कापून वाळवायचे आणि मगच तोलायचे. ओल्या गवताचे वजन बव्हंशी पाण्याचे. ते धरून हिशेब करणे म्हणजे पावसालाच चारा समजणे होय. चौकटीत जितके ग्रॅम, त्याच्या दसपट किलो दर हेक्टरी. अर्थात चौकटीमागे सरासरी १० ग्रॅमची चूक हेक्टरी १०० किलोंवर जाते. अडीचशे किलोंची गाय दिवसाला सुमारे सहा किलो सुका चारा खाते, हे ध्यानी घेता ती चूक तिच्या पंधरवड्याच्या वैरणीएवढी होते!

खरी गफलत तराजूत नसते, जागेच्या निवडीत असते. मोजणारा रस्त्यालगत थांबतो, दाट गवताकडे ओढला जातो, कातळ टाळतो. आमच्या सड्यांवर तर एका पावलावर उघडा कातळ आणि दुसऱ्यावर गुडघाभर गवत. म्हणून जागा चिठ्ठ्या टाकूनच ठरवाव्यात. चौकट कातळावर पडली तर शून्य लिहावे. ते शून्यही हिशेबातलेच आहे. शिवाय उरलेले गवत मोजून उगवलेले कळत नाही. त्यासाठी काही तुकड्यांवर आरंभीच जाळीचे पिंजरे ठेवावे लागतात. आतले आणि बाहेरचे वजन ताडून पाहिले म्हणजे चराईचा अंदाज येतो.

उपग्रहाच्या चित्रांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी कच्छमधील बन्नी आठवावी. १९६० च्या दशकात तेथे वनखात्याने लावलेला गांडो बावळ पसरत गेला, गवत हटले. वरून हिरवळ मात्र दिसतच राहिली. आमच्याकडील रानमोडीही हिरवीगार असते, पण गुरे तिला तोंड लावीत नाहीत.

तेव्हा चराईबंदीचा विचार करण्याआधी पशुसंवर्धन खात्याने पंचायती आणि कोमुनिदादी यांना सोबत घेऊन, आश्विनात, गवत भरात असताना ही मोजणी करावी. एका वर्षाच्या पावसावरून निवाडा नको. निदान चार-पाच वर्षे ती चालावी. चौकटी किती ठेवल्या, कोठे ठेवल्या आणि त्यांच्या वजनांत तफावत किती, हे आकड्यांसोबत छापावे. आणि चिठ्ठ्या टाकताना गुरे राखणाऱ्यांपैकी कोणीतरी तेथे हजर असावा.