सही कोणाची, जबाबदारी कोणाची?

गणपतीचे दिवस जवळ येऊ लागले की रत्नागिरी जिल्ह्यातील महिनोन् महिने कुलूपबंद असलेली घरे एकामागून एक उघडू लागतात. मुंबईहून आलेला चाकरमानी प्रथम ओटी झाडतो, विहिरीवरचा पंप चालू करून पाहतो आणि मग मखराच्या रोषणाईसाठी माजघरातून पडवीपर्यंत एक वायर ओढतो. जांभ्याच्या भिंतींनी पावसाळाभर ओल धरलेली असते, खाऱ्या वाऱ्याने तांब्याच्या जोडांवर हिरवा थर चढलेला असतो आणि घरातील मूळ वायरिंग कोणी व केव्हा केले हे सांगणारा कागद बहुधा कोणाजवळच नसतो. ज्या जिल्ह्यातील पोफळीचे वीजगृह साठ वर्षांहून अधिक काळ कोयनेच्या पाण्यावर महाराष्ट्राला वीज देत आहे, त्याच जिल्ह्यातील गृहस्थाला आपल्या घरातली वीज निर्धोक आहे की नाही हे ठाऊक नसावे, हा विरोधाभास उद्वेगजनक आहे. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. या प्रत्येक मृत्यूला आपण दैव म्हणून मोकळे होणार काय, हा आजचा प्रश्न आहे.

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनी घरातील जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व सक्षमता-प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे, असा दंडक घालून दिला. 2003 च्या विद्युत कायद्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 साली व पुन्हा 2023 साली सुरक्षाविषयक विनियम केले. त्यांतही हे तत्त्व कायम आहे. महाराष्ट्रात ठेकेदाराला परवाना लागतो, पर्यवेक्षकाला प्रमाणपत्र लागते, तारतंत्र्याला परमिट लागते. नवी वीजजोडणी घेताना ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट अर्जासोबत जोडावा लागतो. कागदावर पाहू जाता ही साखळी अभंग आहे.

व्यवहारात मात्र ती नेमकी सहीपाशीच तुटते. काम करणारा एक, परवाना दुसऱ्याचा आणि अहवाल तिसऱ्याच टेबलावर भरलेला, हा प्रकार नवे घर बांधलेल्या कोणाही गृहस्थाला नवा नाही. ज्याने घर पाहिले नाही त्याची सही घराच्या सुरक्षिततेची ग्वाही देते आणि अर्जाला लागणारा एक कागद मिळाला म्हणून घरमालकही समाधान मानतो. सारेच ठेकेदार असे वागतात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मोजमाप घेतल्यावाचून लेखणी न उचलणारे प्रामाणिक लोकही या व्यवसायात आहेत. परंतु प्रामाणिक माणसाची सही आणि विकत मिळालेली सही यांत भेद करण्याचे कोणतेही साधन ग्राहकाच्या हाती नसेल, तर अखेरीस नुकसान प्रामाणिकाचेच होते.

ही सही केवळ उपचार का असू नये, हे समजण्यास मोठ्या शास्त्राची गरज नाही. कोकणातील जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि त्यात पुरलेल्या अर्थिंगचा रोध वाढतो. समजा, तो 50 ओहम झाला. 230 व्होल्टची वायर गिझरच्या पत्र्याला चिकटली, तर जमिनीत वाहणारा प्रवाह साडेचार अँपियरच्या आसपास राहील. फलकावरचा 16 अँपियरचा एमसीबी त्याला दाद देणार नाही आणि गिझरचा पत्रा तसाच जिवंत राहील. माणसाचे हृदय बंद पडण्यास अँपियरचा लहानसा अंशही पुरतो. एमसीबी असतो तो वायरच्या रक्षणासाठी, माणसाच्या नव्हे. जाणाऱ्या व येणाऱ्या प्रवाहातील 30 मिलिअँपियरचा फरक हेरून क्षणार्धात पुरवठा तोडणारा आरसीसीबी हे माणसाच्या रक्षणाचे साधन होय. तेव्हा अर्थिंगचा रोध किती, 500 व्होल्टच्या मेगरखाली वायरीच्या आवरणाचा रोध विनियमांत सांगितलेल्या किमान 1 मेगओहमएवढा भरतो की नाही आणि बटण दाबल्यावर आरसीसीबी खरोखर तुटतो काय, या तीन गोष्टी जाग्यावर पाहिल्याखेरीज केलेली सही ही सही नव्हे, ती केवळ शाई होय.

ब्रिटनला हाच प्रश्न पडला होता. 2004 साली लंडनमध्ये एका खासदारबाईंची विवाहित कन्या आपल्या स्वयंपाकघरात विजेच्या धक्क्याने मृत्यू पावली. भिंतीत सरळ न नेता तिरकी नेलेली वायर भांड्यांच्या धातूच्या मांडणीचा स्क्रू बसवताना दुखावली गेली होती. 1 जानेवारी 2005 पासून इंग्लंड व वेल्समध्ये घरगुती विद्युतकाम इमारत-नियमांच्या 'भाग पी'खाली आले. तेथील व्यवस्था अशी की, काम करणाऱ्याने एक तर स्थानिक इमारत-नियंत्रण कार्यालयाला आगाऊ कळवून, शुल्क भरून तपासणी करून घ्यावी, अथवा सरकारमान्य 'सक्षम व्यक्ती योजने'चे सभासद होऊन आपले काम स्वतः प्रमाणित करावे. एनआयसीईआयसी, नॅपिट इत्यादी संस्था अशा योजना चालवितात. सभासदाला पात्रता व विमा दाखवावा लागतो, मापनयंत्रे जवळ बाळगावी लागतात. संस्थेचा परीक्षक केलेल्या कामांतील काही कामे प्रत्यक्ष पाहतो आणि हे परीक्षण ठराविक काळाने पुन्हा होते. काम संपल्यापासून 30 दिवसांच्या आत घरमालकाला प्रमाणपत्र व स्थानिक कार्यालयाला सूचना गेली पाहिजे, असा नियम आहे.

या व्यवस्थेचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. तेथे कारागिरावर विश्वास टाकलेला आहे. पण तो विश्वास तपासला जातो आणि ढळला तर काढूनही घेता येतो. प्रत्येक घरात सरकारी निरीक्षक पाठविणे कोणत्याही देशाला शक्य नाही. म्हणून त्यांनी घरे सोडून घरे बांधणाऱ्या हातांची परीक्षा घेण्याचा मार्ग पत्करला.

आपल्याकडेही स्वप्रमाणनाचे वारे आले आहे. विनियमांनुसार अधिसूचित दाबापर्यंतच्या जोडण्यांची ठराविक मुदतीने तपासणी करून ती प्रमाणित करण्याचे काम आता मालकाकडे अथवा ग्राहकाकडे सोपविलेले आहे आणि त्याच्या साहाय्याला 'सनदी विद्युत सुरक्षा अभियंता' हे पदही निर्माण केले आहे. विद्युत निरीक्षकांवरील कामाचा भार पाहता हे धोरण तत्त्वतः चूक नाही. परंतु मेगर कशाला म्हणतात हे ज्याला ठाऊक नाही त्या गृहस्थाने आपल्या घराची ग्वाही द्यावी, यात स्वप्रमाणनाचे नाव आहे, प्राण नाही. ब्रिटनमध्ये स्वतः प्रमाणित करतो तो कारागीर. येथे तो भार ज्याचे घर त्याच्याच माथी आहे. विश्वास टाकला, पण तो पारखण्याची सोय केली नाही, तर सरकारने आपली जबाबदारी अंगाबाहेर टाकली एवढाच त्याचा अर्थ उरेल.

येथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. खेडोपाडी वायरिंग करतो तो बहुधा वाडीतलाच कोणी तरुण. त्याने हे काम एखाद्या काकाच्या वा शेजाऱ्याच्या हाताखाली शिकलेले असते. त्याच्या हातात कसब आहे, खिशात परमिट नाही. वादळात खांब पडले, रात्री घर अंधारात बुडाले, तर धावून येतो तो हाच. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीची दाणादाण उडविली, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले आणि 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली घातली. पुराचे पाणी ओसरले तरी भिंतीतील नळ्यांत शिरलेले पाणी व गाळ तसाच राहतो. बाहेरून कोरडे दिसणारे घर आतून ओलेच असते. अशा प्रसंगी शेकडो घरांना हात हवे असतात. कायद्याचा बडगा उगारून या तरुणांना हाकलले, तर कामे थांबणार नाहीत, ती फक्त लपून होऊ लागतील.

या अडचणीवरही ब्रिटनच्या अनुभवातून मार्ग दिसतो. 2013 साली इंग्लंडने आगाऊ सूचना द्यावयाच्या कामांची यादी आखूड केली व त्याबरोबरच त्रयस्थ प्रमाणनाची सोय केली. योजनेचा सभासद नसलेल्या माणसाने काम करावे. मात्र ते सुरू होण्यापूर्वीच नोंदणीकृत प्रमाणक नेमावा आणि त्याने काम चालू असता व पुरे झाल्यावर पाहून अहवाल द्यावा, अशी ती सोय आहे. आमच्या वाडीतील तरुणाला ही वाट जवळची आहे. त्याचा रोजगार राहील, आणि त्याच्या कामावर जाणत्याची नजरही राहील.

तेव्हा आमच्या सूचना थोड्या व स्पष्ट आहेत. टेस्ट रिपोर्टवर मोजलेले आकडे, मोजल्याची तारीख व काम करणाऱ्याचा परमिट क्रमांक लिहिणे अनिवार्य व्हावे आणि त्याची एक प्रत घरमालकाच्या हाती पडावी. अशा अहवालांतील काही विद्युत निरीक्षकांनी चिठ्ठ्या टाकून निवडावेत व त्या घरी जाऊन पडताळावेत. खोटी सही सापडली तर परवाना स्थगित होऊन ते प्रसिद्ध व्हावे. अनुभवी पण कागद नसलेल्या कारागिरांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी संध्याकाळचे वर्ग काढून त्यांना परमिटाच्या परीक्षेला बसवावे. आणि पुरात बुडालेले घर मेगर लावल्यावाचून पुन्हा जोडले जाऊ नये.

राहता राहिला आमचा सुशिक्षित वाचक. घराच्या फरशीचा रंग निवडण्यास तो चार दुकाने हिंडतो आणि आरसीसीबीचा खर्च मात्र वायफळ समजतो. सही विकणारा दोषी आहे यात शंका नाही, पण घर न पाहता केलेली सही दाम मोजून घेणारा निर्दोष कसा ठरतो? यंदा मखराची वायर ओढण्यापूर्वी त्याने आपल्या फलकाजवळ जाऊन एवढेच पाहावे की, आरसीसीबी तेथे आहे काय आणि त्यावरील चाचणीचे बटण दाबताच घर क्षणभर अंधारात जाते काय. गेले, तर तो अंधार शुभ समजावा. गेले नाही, तर कोणाची वाट न पाहता जाणता माणूस बोलवावा आणि मोजलेले आकडे हाती पडल्यावाचून त्याला निरोप देऊ नये.