आधी पडदा बघा
भाचीच्या लॅपटॉपसाठी परवा लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदार प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम सांगत सुटला. पडद्याबद्दल अवाक्षर नाही. अहो, दिवसभर डोळे त्याच्यावरच तर खिळलेले असतात! 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवताना, एक चित्र साधारण 16.7 मिलिसेकंद टिकतं, 144 हर्ट्झवर 7 पेक्षाही कमी. म्हणून गेममधली सुसाट गाडी तिथे फरफटल्यासारखी दिसत नाही. पण भाचीचा अभ्यास रोजचा, गेम रविवारचा. म्हणून वेगापेक्षा रंग बघायचं ठरवलं; दोन लॅपटॉप शेजारी ठेवून एकच फोटो उघडला. 45 टक्के एनटीएससीच्या, म्हणजे कमी रंग दाखवणाऱ्या पडद्यावर हापूस आजारी वाटला, 100 टक्के एसआरजीबीवर पिवळाधमक. तोच घेतला. आणि तुम्ही गेमसाठी 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतलात, तर घरी सेटिंग जरूर तपासा; कित्येकदा तो 60 वरच चालत राहतो.