शब्दांची मोजदाद

‘गणित जमत नाही, म्हणून कला शाखेकडे जातो’ असे म्हणणारी मुले तुम्ही पाहिली असतील. ‘इतिहास आणि वाङ्मय हे विषय गणित न जमणाऱ्यांसाठीच आहेत’ असे मानणारी मुले मला विज्ञानाच्या वर्गात भेटतात. माझ्या मते दोघेही चुकतात. का, ते एका उदाहरणाने पाहू.

अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख प्रसिद्ध झाले. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी ते लिहिले होते. पुढे त्यांतील १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, असा वाद निर्माण झाला. दोघांची शैली इतकी सारखी, की नुसते वाचून निवाडा होईना.

मॉस्टेलर व वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने हा प्रश्न हाती घेतला. विषयानुसार बदलणारे शब्द त्यांनी बाजूला ठेवले आणि लेखकाच्या हातून नकळत पडणारे किरकोळ शब्द मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे ३ वेळा वापरतो; मॅडिसन सहा हजारांत जेमतेम एकदा! अशा अनेक शब्दांची प्रमाणे संभाव्यतेच्या गणितात घालून त्यांनी १९६४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : बाराही लेख बहुधा मॅडिसनचेच आहेत.

पण एक गोष्ट विसरू नका. हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहितो, तर मॅडिसन त्याच अर्थाने ‘व्हाइल्स्ट’ लिहितो, ही खूण मॉस्टेलर यांना १९५९ मध्ये कळवली ती डग्लस अडेअर या इतिहासकाराने. काय मोजावे हे बारकाईने वाचणाऱ्या माणसाला सुचले. यंत्राने ते न कंटाळता मोजले. मोजणीवाचून इतिहासकाराचे मत हे मतच राहिले असते आणि इतिहासकारावाचून यंत्राने नुसते आकडे दिले असते. म्हणून शाखा कोणतीही निवडा, दुसऱ्या शाखेचे दार बंद करू नका.

शिक्षकांनाही एक विनंती. मराठीच्या पाठ्यपुस्तकातील दोन लेखक घ्या. मुलांना प्रत्येकाच्या हजार शब्दांत ‘पण’, ‘परंतु’, ‘आणि’, ‘व’ किती वेळा येतात ते मोजू द्या. मग त्यांच्यापैकी एकाचा तिसरा उतारा नाव झाकून द्या. लेखक ओळखता येतो का? अंदाज चुकला, तर का चुकला हे शोधा. संगणक नसला तरी चालेल. वही आणि पेन्सिल पुरे!