बटण तुटले म्हणून सदरा फेकायचा?

2006 साली नाइकी व अ‍ॅपल या अमेरिकन कंपन्यांनी बुटात ठेवून धावण्याचे अंतर मोजणारा सेन्सर बाजारात आणला. आत साधा बटण सेल, पण डबी कायमची बंद. सेल संपला की सेन्सर फेका, नवा घ्या, असा हा हिशेब! आम्ही कापडाचे व्यापारी. बटण तुटले म्हणून सदरा फेकणारे गिऱ्हाईक आम्ही अजून पाहिलेले नाही.

अशी डबी जोडावर अलगद कापून, सेल बदलून पुन्हा चिकटवता येते. मात्र सेलला थेट सोल्डरचा डाग देऊ नये. उष्णतेने तो फुटतो. पट्ट्या जोडलेलाच सेल घ्यावा, अधिक-उणे बाजू पाहून बसवावा. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळल्यास जिवावर बेतते. उघडलेली डबी पाणी अडवीलच याची हमी नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

युरोपीय संघाने 2023 च्या कायद्यात, बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता यावी, असे बंधन घालून 18 फेब्रुवारी 2027 ही तारीख ठरवली. आमच्या घड्याळजी बांधवांनी कायद्याची वाट न पाहता हा हुनर शिकावा. आणि आम्ही दुकानदारांनी माल भरतानाच विचारावे, सेल बदलता येतो ना?