अश्रू चालतात, नाव चालत नाही

रायगड जिल्ह्यातील दोन गावांनी महाराष्ट्राच्या इतिहासाला दोन परस्परविरोधी दिशा दिल्या. एक श्रीवर्धन आणि दुसरे महाड. श्रीवर्धन हे पेशव्यांचे मूळ गाव. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलात येथील देशमुखी भट घराण्याकडे होती. त्याच घराण्यातील बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले आणि त्यांच्या वंशजांची सत्ता १८१८ पर्यंत टिकली. दुसरीकडे महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्या सत्तेने रुजवलेल्या समाजरचनेला आव्हान दिले. आम्ही श्रीवर्धनात बसून या दोन्ही गावांकडे पाहतो. वकिली करतो, चळवळीचे काम करतो आणि चित्रपटही आवडीने पाहतो. सिनेमाचा शौक लपवावा असे आम्हाला कधी वाटले नाही. म्हणूनच चित्रपटांविषयी चार गोष्टी स्पष्टपणे बोलण्याची गरज वाटते.

निमित्त ‘फुले’ या हिंदी चित्रपटाचे. अनंत महादेवन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांच्या जयंतीदिनी प्रदर्शित व्हायचा होता. झलक पाहूनच काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले आणि प्रदर्शन २५ एप्रिलवर गेले. त्याआधीच सेन्सॉर बोर्डाने अनेक बदल सुचवले होते. ‘महार’, ‘मांग’ आणि ‘पेशवाई’ हे शब्द काढा, जातिव्यवस्थेविषयीचे निवेदन काढा, कंबरेला झाडू बांधलेल्या माणसाचे दृश्य बदला, तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख आहे तेथे ‘अनेक वर्षे’ म्हणा. ही कापाकापी नव्हे, केवळ दुरुस्त्या आहेत, असे दिग्दर्शकांनी सांगितले. त्यांची अडचण आम्ही समजू शकतो. पण दुरुस्ती चुकीची करतात. यातली चूक कोणती, हे कोणी सांगेल काय?

आता आमची मते. ‘अछूत कन्या’ (१९३६) हा बॉम्बे टॉकीजचा गाजलेला चित्रपट. अस्पृश्यतेवर त्या काळात चित्रपट काढणे धाडसाचे होते, हे मान्य करायलाच हवे. पण अस्पृश्य कस्तुरीचे अखेर काय होते? ती आगगाडी थांबवताना मरते. प्रेक्षक डोळे पुसत घरी जातो आणि गाव होता तसाच राहतो. बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (१९५९) आम्हाला आजही आवडतो. नूतनच्या चेहऱ्यावर जे दिसते ते शब्दांत मांडता येत नाही. पण ज्या घरात ती वाढली त्या घराने तिला मुलगी म्हणून कधी स्वीकारले? तिने स्वतःचे रक्त देऊन आईचा जीव वाचवला तेव्हा. माणूस असल्याचा पुरावा रक्ताची बाटली भरून द्यावा लागतो, हे आम्हाला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. ‘लगान’ (२००१) आम्ही टाळ्या वाजवत पाहिला. पण त्यातल्या अस्पृश्य खेळाडूचे नाव ‘कचरा’ आहे, त्याचे कौशल्य त्याच्या अधू हातात आहे, त्याच्या बाजूने भाषण दुसराच करतो आणि तो स्वतः जवळजवळ मुकाच राहतो. टाळ्या ओसरल्यावर हे सगळे डोळ्यांत खुपते.

या तिन्ही चित्रपटांना एकच धागा जोडतो. पडद्यावरचा दलित रडू शकतो, मरू शकतो, रक्त देऊ शकतो, सामना जिंकून देऊ शकतो. त्याच्यासाठी रडण्याची प्रेक्षकाला पूर्ण मुभा आहे. फक्त त्याने हे कोणी केले, कोणत्या व्यवस्थेने केले, त्या व्यवस्थेचे नाव काय, एवढे बोलू नये. ‘फुले’मध्ये नेमके हेच घडले. सावित्रीबाईंवर शेण फेकले गेले हे दाखवायला बोर्डाची हरकत नव्हती. हरकत होती ती नावे घेण्याला.

कात्री केवळ बोर्डाच्या हातात असते असेही नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) मराठी चित्रपटाचे सगळे हिशेब बदलले. त्यात आर्ची आणि परशा यांच्यामध्ये उभी असलेली भिंत जातीची आहे, हे शेंबडे पोरही सांगेल. त्याचीच हिंदी आवृत्ती ‘धडक’ (२०१८) राजस्थानात गेली आणि वाटेत जात जवळपास गळून पडली. श्रीमंत मुलगी, साधा मुलगा, संतापलेला बाप एवढेच उरले. तेथे बोर्डाने काही कापले नव्हते. निर्मात्याने बाजाराकडे पाहून आधीच कापले होते. ही दुसरी कात्री पहिलीपेक्षा घातक असते, कारण तिची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. पुढे ‘धडक २’ने (२०२५) जातीचा प्रश्न समोरून घेतला. मग तेथे बोर्ड पुढे आले आणि हजारो वर्षांचा अनुशेष सत्तर वर्षांत भरून निघत नाही, अशा अर्थाच्या संवादातला वर्षांचा आकडा पुसट झाला. आकड्याची एवढी भीती का वाटावी?

आपल्या बाजूच्या चित्रपटांविषयीही खरे बोलले पाहिजे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे एवढ्याने चित्रपट चांगला ठरत नाही. ‘झुंड’मध्ये (२०२२) अमिताभ बच्चन जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभे राहतात, तेव्हा आमची छाती भरून आली. तरी वस्तीतल्या मुलांचा तारणहार बाहेरूनच यावा लागला, ही खंत राहिली. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये (२०००) मामुट्टी यांनी केलेले काम अप्रतिम आहे आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण चित्रपट मुळात इंग्रजीत झाला. ज्या महाडात तळे पेटले, त्या महाडाच्या बोलीत तो झाला असता तर परिणाम किती वेगळा झाला असता! याउलट ‘फँड्री’त एकही भाषण नाही. डुक्कर बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले दाम्पत्य, गाडगेबाबा दिसतात, बस्स. त्या एका दृश्यापुढे दहा भाषणे फिकी पडतात. न्यायालयाचे म्हणाल तर हिंदी चित्रपटांतली आरडाओरड पाहून वकिलाला हसू येते. ‘कोर्ट’ (२०१४) मात्र जसाच्या तसा आहे. तारखा, कंटाळा, घाईत वाचलेले कागद आणि त्यात अडकलेला लोकशाहीर. त्या शाहिराची भूमिका वीरा साथीदार या आंबेडकरी कार्यकर्त्याने केली होती. २०२१ साली कोरोनाने ते गेले.

आता कायद्याची बाजू. ‘महार’ आणि ‘मांग’ हे शब्द अपमानकारक आहेत म्हणून काढले, असा बचाव होऊ शकतो. जातीचे नाव घेऊन हिणवणे हा गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. २००७ साली ‘आजा नचले’च्या गाण्यातील एका ओळीने समाजबांधव दुखावले, उत्तर प्रदेशासह काही राज्यांनी चित्रपट रोखला आणि निर्मात्यांनी माफी मागून ती ओळ बदलली. ते योग्यच झाले. पण हिणवण्यासाठी नाव घेणे वेगळे आणि कोणाला हिणवले गेले हे सांगण्यासाठी नाव घेणे वेगळे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात महाराष्ट्राच्या यादीत हे दोन्ही शब्द आजही छापलेले आहेत. आमच्या मुलांच्या जातीच्या दाखल्यावर सरकार स्वतःच्या शिक्क्यानिशी हेच शब्द लिहिते. जो शब्द दाखल्यावर चालतो तो पडद्यावर का चालत नाही? आणि ‘पेशवाई’ ही तर जातही नाही. ती एका राजवटीची संज्ञा आहे, शाळेच्या पुस्तकात आहे. ‘बाजीराव मस्तानी’त (२०१५) पेशव्यांचे वैभव डोळे दिपवून दाखवता येते. ते आम्हीही पाहिले, नाचगाण्यांचा थाट मान्यही केला. मग त्याच राजवटीत अस्पृश्यांच्या वाट्याला काय आले, हे सांगताना तिचे नाव गाळायचे, हा कोणता न्याय?

चित्रपट थांबवण्याला कधीच कारण नसते, असेही आमचे म्हणणे नाही. आमच्याच तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ साली स्फोटके उतरली. ती कहाणी सांगणारा ‘ब्लॅक फ्रायडे’ मुंबई उच्च न्यायालयाने रोखला होता, कारण टाडा न्यायालयात खटला सुरू होता आणि आरोपींना निष्पक्ष सुनावणीचा हक्क होता. निकाल लागू लागले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये चित्रपट आला. त्या थांबण्याला कायद्याचा आधार होता. जोतीरावांच्या बाबतीत कोणाचा खटला प्रलंबित आहे?

१९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन खटल्यात एका तमिळ चित्रपटाला संरक्षण दिले. तो चित्रपट जातीवर आधारित आरक्षणाच्या विरोधात होता. निदर्शनांच्या धमकीला घाबरून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. २०११ साली ‘आरक्षण’वर उत्तर प्रदेश सरकारने घातलेली बंदीही याच न्यायाने उठली. तेव्हा आपल्यातलेच अनेक जण बंदीच्या बाजूने रस्त्यावर होते. १९९६ साली ‘बँडिट क्वीन’च्या खटल्यात न्यायालयाने मान्य केले की अत्याचाराची कथा अत्याचार दाखवल्याशिवाय सांगता येत नाही. आमची मागणी एवढीच आहे की आरक्षणविरोधी चित्रपटाला लागू झालेला कायदा जोतीरावांच्या चित्रपटालाही लागू व्हावा. बंदी आम्हाला कोणावरच नको. वजनमाप मात्र एकच असावे.

यात आणखी एक अडसर आहे आणि त्याची चर्चा होत नाही. बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी पूर्वी अपील न्यायाधिकरण होते. ‘बँडिट क्वीन’ला प्रमाणपत्र याच न्यायाधिकरणामुळे मिळाले होते. केंद्र सरकारने एप्रिल २०२१ मध्ये अध्यादेश काढून ते रद्द केले. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावे लागते. तेथला खर्च आणि वेळ आम्हाला ठाऊक आहे. प्रदर्शनाची तारीख तोंडावर असताना कोणता छोटा निर्माता लढत बसेल? तो मुकाट्याने शब्द काढतो आणि आपण त्याला ‘दुरुस्ती’ म्हणतो. म्हणून हे न्यायाधिकरण पुन्हा उभे राहावे, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. बोर्डाने कोणत्या चित्रपटातून काय काढले आणि का काढले, हे माहितीच्या अधिकारात मागवले पाहिजे.

१९५४ साली आचार्य अत्रे यांनी ‘महात्मा फुले’ चित्रपट काढला. बाबुराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या. त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः उपस्थित होते आणि चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी त्याच महात्म्याच्या चित्रपटातून ‘पेशवाई’ हा शब्द काढायला सांगितला जातो. श्रीवर्धनात पेशव्यांचे स्मारक आहे आणि त्याला आमचा विरोध नाही. इतिहास ज्याचा त्याने जपावा. पण स्मारकावर जे नाव अभिमानाने कोरले जाते, तेच नाव गुलामीच्या हिशेबात घेतले की अपमान कसा होतो, याचे उत्तर बोर्डाने द्यावे. आमच्या मुलांना अश्रू पुष्कळ दाखवून झाले. आता त्यांना नावे कळू द्या.