गाडी किती देते? आधी सांगा, तुम्ही किती चालता?

सेकंड हँड गाडी बघायला गेलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती देते?’ गाडी डिझेल असेल तर विकणारा छातीठोकपणे सांगतो, ‘वीसच्या खाली येतच नाही!’ झालं, अख्खं घर खूश. मीही हेच सांगत फिरायचे. माझं ऐकून एक मैत्रीण फसली, म्हणून हे लिहितेय.

आमच्या घरी २०१४ची डिझेल डिझायर आहे, सेकंड हँड घेतलेली. घर साताऱ्याजवळच्या गावात, बाबांची नोकरी फिरतीची, त्यात आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावं लागायचं. महिन्याला दीड हजार किलोमीटर सहज व्हायचे. आता हिशोब बघा. डिझेल ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज २० धरलं, तर किलोमीटरला साडेचार रुपये पडतात. पेट्रोल १०४ आणि अ‍ॅव्हरेज १६ धरलं, तर साडेसहा. म्हणजे किलोमीटरमागे दोन रुपये, महिन्याला तीन हजार, वर्षाला ३६ हजार वाचतात. माझ्या कॉलेजच्या फीला या पैशांचा मोठा हातभार लागला. त्यामुळे त्या गाडीबद्दल कोणी वाकडं बोललं की मला राग येतो.

याच कौतुकाच्या भरात मी पुण्यातल्या मैत्रिणीला डिझेलच घ्या म्हटलं. तिच्या बाबांनी २०२० नंतरची, बीएस-सिक्स गाडी घेतली. घर ते ऑफिस पाच किलोमीटर, तेही सिग्नल-सिग्नलला थांबत. काही महिन्यांतच डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. गाडी हायवेवर काही वेळ एका वेगात पळाली की तो तापतो आणि आतली काजळी जळून जाते. रोज पाच किलोमीटरच चालवलं तर तो तुंबतो. गॅरेजवाल्याने विचारलं, ‘एवढंच चालवायचं होतं तर डिझेल कशाला घेतली?’ तो प्रश्न खरं तर मला विचारायला हवा होता.

त्यांचं महिन्याचं रनिंग जेमतेम ३००. म्हणजे महिन्याला वाचणार सहाशे रुपये! आणि इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघालं, तर काही वर्षांची बचत एका बिलात जाते.

तुम्ही म्हणाल, मग बाबांच्या काळात सगळे डिझेलच्या मागे का होते? कारण तेव्हा फरकच तेवढा होता. २०१२च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास अंतर होतं. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झालं. आता ते अंतर निम्म्यावर आलंय, पण आपल्या घरातला सल्ला मात्र तोच राहिलाय. एप्रिल २०२०पासून मारुतीने डिझेल गाड्या बनवणं बंद केलं, तेही उगाच नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. डिझेल वाईट नाही, पण तिला रोजचं काम हवं. घरी गाडीचा विषय निघाला तर आधी वहीत महिन्याचे किलोमीटर लिहा. हजाराच्या वर आणि हायवेचे असतील, तर खुशाल बघा. मात्र विकणाऱ्याला सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होताना किती कुरकुरतं आणि किती धूर सोडतं, त्यावरून बरंच कळतं. सर्व्हिसची बिलं मागा. आरसी बुकावरची तारीख आणि बँकेचा बोजा तपासा. नोंदणी १५ वर्षांचीच असते, हे विसरू नका.

आणि मैत्रीण विचारायला आली, तर आपल्या गाडीचं कौतुक नंतर करा. आधी तिला विचारा, ‘तुमचं रनिंग किती?’ मी ते विचारलं नव्हतं.