त्याच्या नावाचं बक्षीस

तर झालं असं, की गेल्या शनिवारी निवांत उठलो, चहा टाकला आणि फोन बघितला तर दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर ११४ मेसेज. कुणाचं तरी लग्न ठरलं असणार म्हणून वर सरकवत गेलो. निघालं भलतंच.

आमच्या वर्गातला एक मित्र गेल्या वर्षी गेला. २७ वर्षांचा होता. कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर दुचाकीला मागे बांधून दुकानात आणत होता, अंधार पडला होता, हायवेवर एक ट्रक दिवे न लावता उभा होता. बस, एवढंच. पुढच्या महिन्यात त्याचं वर्षश्राद्ध. त्याच्या नावानं शाळेत काहीतरी करावं असा विषय निघाला होता आणि शंभरेक मेसेजनंतर ठरलंही होतं. चाळीस जणांनी तीन-तीन हजार काढायचे, १ लाख २० हजार मुदत ठेवीत टाकायचे, आणि व्याजातून दर वर्षी दहावीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या नावाचं स्मृती पारितोषिक द्यायचं. रोख रक्कम आणि ढाल, मुख्याध्यापकांच्या हस्ते.

खाली रांगेने जोडलेले हात, अंगठे, फुलं. मी लिहिलं, "माझा विरोध आहे."

तेव्हापासून ग्रुपवर मी खलनायक आहे. मेलेल्या मित्राच्या नावानं चाललेल्या चांगल्या कामात खोडा घालणारा, पुण्यात जाऊन शहाणा झालेला वगैरे वगैरे. तिथे चार ओळींत सांगून कुणाला पटेना, म्हणून हा विकांत इथे कळफलक बडवतोय.

मुद्दा साधा आहे. ज्याच्या नावानं दहावीत पहिला येण्याचं बक्षीस द्यायचं चाललंय, तो दहावी नापास होता. आणि नापास झाला कारण त्याला वाचता येत नव्हतं.

वाचता येत नव्हतं म्हणजे अगदीच नव्हतं असं नाही. एकेक अक्षर लावत लावत तो ओळीच्या शेवटी पोचायचा तोवर ओळीची सुरुवात हरवलेली असायची. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. धडा मोठ्यानं वाचायची पाळी दुसऱ्या रांगेत आली की त्याचे पाय हलायला लागायचे. मग तो पाण्याला जायचा, शाई सांडायचा, कुणाची तरी खोडी काढायचा. वर्गाबाहेर उभं राहणं त्याला चालायचं. अंगठे धरणंही चालायचं. वाचणं सोडून सगळं चालायचं. आम्ही हसायचो. मी पण हसायचो. माझ्या वहीवरून तो गृहपाठ उतरवायचा, तर त्यातही 'कि'चा 'की' आणि 'सूर्य'चा 'सुय'. बघून लिहितानाही चुकतो म्हणजे हा काय नग आहे, असं आम्हाला वाटायचं. सरांनाही तसंच वाटायचं, फक्त ते नग न म्हणता 'ढ' म्हणायचे.

आता हा ढ मुलगा मोटर सुरू करून कान लावायचा आणि बेअरिंग गेलंय की नाही ते सांगायचा. नुसत्या वासावरून वाइंडिंग जळल्याचं ओळखायचा. दहावी सुटल्यावर रिवाइंडिंगच्या दुकानात लागला आणि चार वर्षांत स्वतःचं दुकान टाकलं. कुठल्या मोटरला किती गेजची तार, किती वेढे, सगळं डोक्यात. तो गेल्यावर मी त्याच्या दुकानातली उधारीची वही बघितली. त्यात नावं नव्हतीच. चित्रं होती. एक चिंचेचं झाड, एक तिरकी टोपी, एक तीन पायांचं कुत्रं, आणि समोर आकडे. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक चित्र. गावातल्या माणसांना ते चित्र कुणाचं ते पटापट कळत गेलं आणि उधारी वसूलही झाली.

हे सांगतोय ते 'बघा, किती हुशार होता' म्हणून नाही. तिकडे वळतोच आता.

आधी एक गोष्ट कबूल करतो. त्याला डिस्लेक्सिया होता असा कुठलाही कागद माझ्याकडे नाही, कारण त्याची तपासणी कधी झालीच नाही. पण माझं सगळं भांडण त्या न झालेल्या तपासणीशीच आहे.

कारण हे काही काल शोधलेलं प्रकरण नाही. 'डिस्लेक्सिया' हा शब्द रुडॉल्फ बर्लिन नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८८७ साली वापरला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. चांगला चलाख मुलगा, बाकी सगळं येतं, फक्त वाचता येत नाही. म्हणजे माझ्या बाकावरच्या पोराचं वर्णन माझ्या पणजोबांच्या काळात छापून आलं होतं! नंतरच्या संशोधनाने हेही कळलं की हा डोळ्यांचा दोष नाही आणि बुद्धीचा तर नाहीच. ऐकलेल्या शब्दाचे आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांशी जोडणं, मेंदूतली एवढी एक वाट अवघड असते. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेसर ठणठणीत आहे, पण कीबोर्ड नीट जोडलेला नाही. आणि आपण काय करतो? कॉम्प्युटरच भंगारात काढतो.

इथे एक हमखास शेरा येतो. "हे इंग्रजी माध्यमवाल्यांचं फॅड आहे. त्यांचं स्पेलिंगच विचित्र. आपली मराठी बोलतो तशी लिहितो."

असं का? मग जरा 'कि' लिहून बघा. तोंडाने आधी क, मग इ. हाताने मात्र आधी वेलांटी, मग क. आता 'र' घ्या. 'अर्क' म्हणताना र क-च्या आधी येतो, लिहिताना क-च्या डोक्यावर चढतो. 'चक्र'मध्ये तिरकी रेघ होऊन पोटात शिरतो, 'ट्रक'मध्ये तंगड्या फाकून खाली बसतो, 'दुसऱ्या'मध्ये त्याचा अर्धचंद्र होतो. वर ऱ्हस्व-दीर्घ, जे बोलताना निम्म्या महाराष्ट्राला ऐकूच येत नाहीत, पण गुण मात्र कापले जातात. आपली लिपी इंग्रजीपेक्षा नियमित आहे हे खरं. पण नियमित लिपीतही ही मुलं अडखळतातच. चुका कमी होतात, वेग मात्र रखडलेला राहतो. परीक्षेत वेगच लागतो ना! मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डाली नावाची चाचणी बनवली, ती इंग्रजीबरोबर हिंदी, कन्नड आणि मराठीतही आहे. मराठीत हा त्रास नसता तर मराठीत चाचणी कशाला बनवली असती?

आता खरा राग कशाचा ते सांगतो. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला १९९६ साली सुरुवात झाली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी किंवा बीजगणित-भूमितीऐवजी सोपा पर्याय. त्याच साली मुंबईत पालकांच्या पुढाकाराने महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात अशा मुलांची तपासणी होऊन प्रमाणपत्रं मिळू लागली. आम्ही दहावीला बसलो २०१३ साली. म्हणजे १७ वर्षं झाली होती. या १७ वर्षांत ती सवलत मुंबईहून आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचली नाही. एसटी सकाळी निघून संध्याकाळी पोचते.

बरं, मधे २००७ साली 'तारे जमीं पर' येऊन गेला. आम्ही पाचवीत होतो. अख्खं गाव रडलं. आमचे सर पण रडले असणार. दुसऱ्या दिवशी माझा मित्र परत वर्गाबाहेर उभा. पडद्यावरचा ईशान कळला, तिसऱ्या बाकावरचा नाही कळला. मग २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, आठवीपर्यंत नापास करायचं नाही. हेतू चांगलाच होता. पण आमच्याकडे त्याचा अर्थ 'बघायचंच नाही' असा झाला. ढकलत ढकलत त्याला नववीत आणून सोडलं आणि दहावीत तो भिंतीवर आपटला.

सरांना शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. मी तसं करणार नाही. वर्गात साठ-पासष्ट पोरं, शिवाय जनगणना, निवडणुका, खिचडीच्या नोंदी. ज्या माणसाला डिस्लेक्सिया हा शब्दच कुणी शिकवला नाही, तो 'ढ' हाच शब्द वापरणार. पण मग त्यांना शिकवायला हवं होतं ना?

आता त्या हुशारीकडे येतो. या विषयावर कुणी बोललं की लगेच आइनस्टाइन निघतो. आइनस्टाइनला पण होता म्हणे! (त्याला होता याचा भक्कम पुरावा नाही, पण ते सोडा.) सिनेमातही शेवटी पोरगा चित्रस्पर्धा जिंकतो तेव्हा बाप रडतो. आणि जिंकला नसता तर? म्हणजे या पोरांनी वाचता न येण्याची भरपाई म्हणून आधी अलौकिक काहीतरी करून दाखवायचं, मग आम्ही त्यांना वीस मिनिटं जादा देणार? माझा मित्र आइनस्टाइन नव्हता. चांगला मोटर मेकॅनिक होता. तो चांगला मेकॅनिक नसता, अगदी सामान्य असता, तरी त्याला धडा वाचायला शिकण्याचा हक्क होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आली आहे. अशी मुलं लवकरात लवकर ओळखून त्यांच्यासाठी योग्य उपाय करणं हे त्या कायद्याने शाळांचं काम ठरवलंय. मूल आधी जीनियस असलं पाहिजे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

"सवलत म्हणजे कॉपीच की. आम्ही घासून पास झालो ते काय वेडे म्हणून?" असं ग्रुपवर एकाने लिहिलं. हा गृहस्थ स्वतः पहिलीपासून चष्मा लावतो. त्याला फळा दिसायला भिंग दिलं ती कॉपी नव्हती, मात्र दुसऱ्याला वेळ दिला की ती कॉपी!

आणि आता हे लिहायला जड जाणारं. २०१३ साली आमच्या शाळेत दहावीला पहिला मी आलो होतो. म्हणजे हे बक्षीस तेव्हा असतं, तर त्याच्या नावाची ढाल मीच घेतली असती. तो नापास झाला त्याच दिवशी मी पेढे वाटत होतो, आणि त्याला पण दिला होता. त्याने खाल्लाही.

नंतर तो कायम व्हॉइस मेसेज पाठवायचा. मी म्हणायचो, "अरे टाईप कर की, हापिसात कानाला लावून ऐकता येत नाही." तो म्हणायचा, "बरं." आणि परत व्हॉइसच. मला तो आळस वाटायचा. एवढा शिकलेला मी, एवढी वर्षं ओळखत होतो, तरी कळलं नाही. दीडपट वेगाने ऐकायचो त्याचे मेसेज. आता परत ऐकतो तेव्हा वेग साधा ठेवतो.

असो.

ग्रुपवरचा सगळ्यात वजनदार मुद्दा होता, "काकूंना बरं वाटेल." म्हणून रविवारी गाडी काढून काकूंकडे गेलो. माझं सगळं भाषण त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझं खरं असंल बाबा. पण त्या शाळेत माईकवर त्याचं नाव एकदा बी घेतलं नाही कुणी. दर वर्षी बक्षीस-समारंभाला मी जायची. एकदा तरी घेतील, म्हणून मी हो म्हणले."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येईपर्यंत नव्हतं.

आता आहे. नाव घेऊ या. माईकवर, दर वर्षी, ठणठणीत आवाजात. पण जो पहिला आला त्याच्यासाठी नाही. त्याला बक्षिसं भरपूर आहेत, माझ्या आईच्या कपाटात अजून धूळ खात पडलीयत. १ लाख २० हजारांचं सात टक्क्यांनी वर्षाला ८,४०० रुपये व्याज येतं. अध्ययन अक्षमता या एका वर्गवारीचाच अंदाज शाळकरी मुलांच्या ५ ते १५ टक्के इतका सांगतात. म्हणजे साठच्या वर्गात तीन ते नऊ. त्यातल्या एकदोघांना आईबापासकट तपासणीला जिल्ह्याच्या गावाला किंवा पुण्याला नेणं, दोन-तीन खेपांचं एसटीभाडं, बुडालेली रोजंदारी, एवढं त्या ८,४०० मध्ये बसतं. उरलेल्यात शाळेतल्या एका बाईंना किंवा सरांना या मुलांना शिकवायच्या प्रशिक्षणाला पाठवता येईल. फार काही जादू नसते त्यात. आवाज सुटे करून, अक्षर वाळूत गिरवून, तोंडाने म्हणत, हळूहळू, क्रमाने शिकवायचं. आणि बक्षीस-समारंभात मुख्याध्यापकांनी सांगायचं की आमच्या शाळेत असा एक विद्यार्थी होता, त्याला वाचायला शिकवायला आम्ही कमी पडलो, आणि त्याच्या नावानं या वर्षी इतक्या मुलांची तपासणी झाली. मुलांची नावं नाही घ्यायची, फक्त त्याचं.

'आम्ही कमी पडलो' हे वाक्य मुख्याध्यापक म्हणणार नाहीत, असं ग्रुपवर सगळ्यांचं मत आहे. बघू. नाही म्हणाले तर मी जाऊन म्हणतो. माजी विद्यार्थी, दहावीत प्रथम, म्हणून तेवढा माईक मला मिळेल.

माझे तीन हजार तयार आहेत. ढालीसाठी मात्र एक रुपया देणार नाही.